कलमाचा चाकू घरी कसा करावा

डोळा भरताना खुंटाची साल नुसती कापली जाऊन भागत नाही. ती स्वच्छ कापली जावी लागते. बोथट पात्याने साल चेचली जाते, कडा काळवंडतात व डोळा सांधत नाही. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचे डोळे भरणाऱ्या बागाईतदाराचा अर्धा हंगाम अशा एका पात्यापायी वाया जातो. असा लहान चाकू नवशिक्यासही दोन-तीन दिवसांत करता येतो. प्रथम जाणकार कलम्याचा चाकू नीट पाहून घ्यावा. त्याची एक बाजू सपाट असते व उतार दुसऱ्याच बाजूस असतो.

पोलाद म्हणून झिजलेली चपटी कानस घ्यावी. काही हलक्या कानशी वरवरच कडक केलेल्या असतात. त्यांची धार टिकत नाही. करवतीचे पानही पुष्कळदा फसवते, कारण हल्ली अनेक पानांचे दातच तेवढे कडक असतात.

कानस आहे तशी घासता येत नाही. कोळशाच्या भट्टीत ती लाल करून कोरड्या राखेत पुरावी व रात्रभर निवू द्यावी. मग दुसऱ्या कानशीने तिला आकार द्यावा. पाते सहा-सात सेंटिमीटर लांब व दीड सेंटिमीटर रुंद पुरते. मागे मुठीसाठी तेवढेच शेपूट ठेवावे व त्यास दोन भोके आताच पाडावीत. जुन्या दातांच्या रेघा पूर्ण घासून काढाव्यात, कारण पाणी देताना पाते तेथूनच तडकते. धारेची कड या वेळी अर्धा मिलिमीटर जाड राहू द्यावी.

आता पाणी देणे. नाव पाणी असले तरी येथे कोमट गोडे तेल वापरावे. प्रस्तुत लेखकाने पहिले पाते हौसेने थंड पाण्यात बुडविले. 'टिक्' असा आवाज झाला आणि दोन दिवसांचे काम फुकट गेले. पाते सावलीत तापवावे, म्हणजे रंग कळतो. लोहचुंबक चिकटेनासे झाले की किंचित अधिक तापवून टोकाकडून सरळ तेलात बुडवावे. तेल पत्र्याच्या भांड्यात असावे व झाकण जवळ ठेवावे. पेट घेतल्यास पाणी मुळीच ओतू नये. चांगल्या कानशीने कड खरवडून पाहावी. कानस घसरली तर पाणी बसले.

असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. हातून पडले तरी मोडेल. म्हणून ते घासून चकचकीत करावे व तापलेल्या लोखंडी तुकड्यावर पाठीकडून टेकवावे. पाठीकडून रंग सरकत येतो. धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग दिसताच पाते पाण्यात टाकावे. धार निळी झाली तर ती मऊ पडली असे समजावे व पाणी पुन्हा द्यावे. या कामी घाई करणाराच बहुधा चुकतो.

मुठीस शिसवाच्या वा बाभळीच्या दोन फळ्या पितळी खिळ्यांनी ठोकाव्यात. नंतर पाते दगडावर ओले ठेवून उताराच्या बाजूनेच धार काढावी. सपाट बाजू फक्त आडवी टेकवून कणी काढावी आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे. पेरूची हिरवी काडी तिरपी कापून पाहावी. काप ओलसर चकाकला व सालीची कड फाटली नाही, तर चाकू कामास लावावा. काम संपताच चीक पुसून तेलाचा हात फिरवावा. हे पोलाद लवकर गंजते.