खोटा आळ आला तर बोलावं की गप्प बसावं?



मागच्या गुरुवारी अभ्यासवर्गात एका ताईंनी विचारलं, "खोटा आळ आला आणि आपण खुलासा करत बसलो, तर लोक म्हणतात 'कर नाही त्याला डर कशाला?' गप्प बसलो तर म्हणतात 'बघा, तोंड नाही उघडत!' मग करायचं काय?"

उत्तरासाठी भागवताच्या दशम स्कंधातली (अध्याय ५६-५७) स्यमंतक मण्याची कथा घेऊ. गणेश चतुर्थीला आपण ती ऐकतो, पण चंद्र बघायचा नाही एवढंच लक्षात ठेवतो.

सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी घालून शिकारीला गेला, तो परतलाच नाही. कृष्णाने पूर्वी तो मणी उग्रसेन राजासाठी मागितला होता, म्हणून सत्राजिताने संशय घेतला. द्वारकेत कुजबुज सुरू झाली.

भगवंतांनी काय केलं? दारोदार जाऊन "मी नाही हो घेतला" असं सांगितलं नाही. "माझा देव बघून घेईल" म्हणून घरीही बसले नाहीत. गावातली माणसं बरोबर घेऊन प्रसेनाचा माग काढला. आधी प्रसेन मेलेला दिसला, मग त्याला मारणारा सिंह. जांबवानाच्या गुहेत २८ दिवस लढून मणी मिळवला, भर सभेत सगळी हकीकत एकदाच सांगितली आणि मणी सत्राजिताच्या हातात दिला. टोमणा एकही मारला नाही.

पुढे मणी पुन्हा नाहीसा झाला तेव्हा बलरामदादांनाही शंका आली! कृष्णाने अक्रूराकडून मणी सगळ्या आप्तांना दाखवला आणि परत त्यालाच दिला. शंका घेणाऱ्यावर रुसले नाहीत.

आता आपलं. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात महाप्रसादाच्या हिशोबात पैसे कमी भरले. हिशोब बघणाऱ्या ताई प्रत्येकीला फोन करून, रडून सांगत होत्या. आणि आम्हीच आपसात म्हणालो, "इतकं का सांगतायत?" शेवटी वही सगळ्यांसमोर वाचली, तेव्हा किराण्याचं एक बिल लिहायचंच राहिलेलं निघालं. त्या निर्दोष होत्या. त्यांच्या घाबरण्याला आम्ही पुरावा समजलो, ही चूक आमची. आम्ही माफी मागितली, पण त्या पुन्हा हिशोबाला बसल्या नाहीत.

म्हणजे कर नाही त्यालाही डर असतो. अब्रू प्रत्येकाला प्यारी असते.

*लक्षात ठेवू या:*
१) आळ आला तर एकदाच, शांतपणे, चार जणांसमोर खुलासा करावा. वही, पावती दाखवावी.
२) नंतर घरोघर सांगत फिरू नये. नामस्मरण करावं.
३) दुसऱ्यावर आळ आला, तर त्याच्या आवाजावरून निवाडा करू नये. आधी माग काढावा.

*या आठवड्याचा अभ्यास:* आपण कुणाला न विचारता दोषी ठरवलं आहे का? आठवलं, तर त्यांना एक फोन करू या.

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥ 🌼