पाठ्यसाहित्याची किल्ली कोणाकडे असावी?

आमच्या शाळेच्या वाचनालयात काचेची दारे असलेली कपाटे आहेत, व त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालांच्या मेजाच्या खणात असतो. पुस्तक हवे असल्यास विद्यार्थ्याने चिठ्ठी लिहावी, नोंदवहीत सही करावी आणि मग पुस्तक घरी न्यावे, हा नियम सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याविषयी कोणी कुरकुर केल्याचे आम्हांस आठवत नाही; कारण त्यातील हेतू लहान मुलासही कळतो. पुस्तकाची प्रत एक आणि वाचणारे चाळीस. एकाने नेलेले पुस्तक त्या आठवड्यापुरते बाकीच्या एकोणचाळीस जणांस मिळत नाही. शिवाय दहा हातांत फिरले म्हणजे त्याची शिवण उसवते, पाने सुटतात. तेव्हा कपाटास कुलूप हवे, हे उघड आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, शाळांची दारे बंद झाली, आणि पाहता पाहता प्रत्येक शाळेला दुसरे एक कपाट करावे लागले. हे कपाट लाकडाचे नव्हे. ते इंटरनेटवर असते, आणि त्यात शिक्षकांची टिपणे, चित्रफिती, स्वाध्याय व चाचण्या ठेवलेल्या असतात. कोणी गूगल क्लासरूमचा आश्रय केला, कोणी मूडलचा. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी हे दुसरे कपाट राहिले. त्यासही कुलपे आहेत, किंबहुना लाकडी कपाटापेक्षा पुष्कळ अधिक आहेत. ती कशी चालतात, व कोणते कुलूप कोठे असावे, ह्याचा थोडा विचार विद्यार्थ्यांनी व पालकमंडळींनी आमच्याबरोबर करावा, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावरील पान वाचल्याने झिजत नाही. एका मुलीने धडा उघडला म्हणून दुसऱ्या मुलास तो मिळेनासा होत नाही. म्हणजे वाचनालयातील कुलपाचे जे मुख्य कारण, तेच येथे नाहीसे झाले आहे. मग कुलूप का? कारण राहत असेल तर कुलूपही राहावे. पण केवळ कपाट म्हटले की कुलूप आलेच, ह्या सवयीने ते लावू नये.

आपल्या खानदेशात ह्या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी जुनी कागदपत्रे मिळविण्यासाठी गावोगाव केलेली पायपीट महाराष्ट्राला ठाऊक आहे. घराण्यांची दप्तरे माळ्यावर, पेटाऱ्यांत, रुमालांत बांधून पडलेली असत. आणि पुष्कळ ठिकाणी ती दाखविण्यासच नकार मिळे, कारण कागद परक्याच्या हाती गेला तर आपल्या वतनास धोका येईल अशी भीती. उलटपक्षी मंडळासारखी संस्था कागद जपून ठेवते ती तो फाटू नये, वाळवीच्या मुखी जाऊ नये म्हणून. दोन्हीकडे बंदोबस्त आहे. पण एक संशयाचा व दुसरा जपणुकीचा. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचे बावीस खंड छापले, तेव्हा ज्यास ते मूळ कागद कधीच पाहावयास मिळाले नसते त्याच्याही हाती मजकूर पोहोचला. मूळ कागदास कुलूप आणि मजकुरास मोकळीक, हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता आमच्या नव्या कपाटाची रचना सांगतो. आम्ही मूडल वापरतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. मार्टिन डूगियामास ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ते निर्माण केले व त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली बाहेर आली. कोणत्याही संस्थेने ते विनामूल्य घ्यावे व आपल्या गरजेप्रमाणे बदलावे, अशी मुभा आहे. ह्या गृहस्थांचे स्वतःचे प्राथमिक शिक्षण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एका दूरस्थ वस्तीत, रेडिओवरून व विमानाने येणाऱ्या पाठांवर झाले. शाळेपासून शेकडो मैल दूर बसलेले मूल म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही!

ह्या कपाटाचे पहिले दार म्हणजे नाव व पासवर्ड. तुम्ही कोण, एवढेच ते विचारते. दुसरे दार प्रत्येक विषयाचे. इयत्ता नववीच्या भूमितीत तुमचे नाव शिक्षकांनी घातले असेल, किंवा त्यांनी वर्गात सांगितलेली प्रवेशकिल्ली तुम्ही लिहिली असेल, तरच ते उघडते. शिक्षकांची इच्छा असल्यास पाहुण्यांसाठीही हे दार उघडे ठेवता येते; पाहुणा वाचू शकतो, पण चाचणी देऊ शकत नाही. आत गेल्यावर प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते: शिक्षक मजकूर बदलू शकतो, विद्यार्थी तो वाचतो, उत्तरे लिहितो व स्वतःचेच गुण पाहतो. वर्गाच्या तुकड्या पाडून ‘अ’ तुकडीस एक स्वाध्याय व ‘ब’ तुकडीस दुसरा, असेही करता येते.

तिसरे कुलूप सर्वांत कौतुकाचे व सर्वांत धोक्याचे. प्रत्येक पाठास शिक्षक अटी घालू शकतात. अमुक तारखेनंतरच उघडावा; आधीचा पाठ पुरा केला असेल तरच उघडावा; मागील चाचणीत अमुक गुण मिळाले असतील तरच उघडावा. आणि ह्या अटीपुढे डोळ्याचे एक लहानसे चिन्ह असते. डोळा उघडा ठेवला तर विद्यार्थ्यास पाठाचे नाव फिकट अक्षरांत दिसते व खाली अट लिहिलेली असते. डोळा मिटला तर तो पाठ आहे हेच विद्यार्थ्यास कळत नाही. आमच्या मते दुसरा प्रकार क्वचितच योग्य असतो. दार बंद असल्याचे दुःख कारण कळल्याने निम्मे होते. परंतु दारच दिसत नाही, अशा मुलाने विचारावे तरी काय?

ह्या यंत्रणेचा आम्हांस जो अनुभव आला, तो आमच्याच चुकीचा असल्याने मोकळेपणाने सांगतो. त्या वर्षी जुलै महिन्यात आम्ही नववीची एक चाचणी ठेवली. सकाळी आठला उघडावी व नऊला बंद व्हावी, आणि पुढचा पाठ ती चाचणी दिल्याखेरीज उघडू नये, अशी अट घातली. शिस्त राहील, कोणी उत्तरे इकडची तिकडे करणार नाही, ह्या समाधानात आम्ही होतो. चाचणीनंतर यादी पाहिली तो नऊ मुले अनुपस्थित. त्यांत यावल तालुक्यातील एक मुलगी होती. तिचे वडील केळीच्या कापणीवर जात. घड गाडीत भरण्याचे काम पहाटेच सुरू होई, व घरातील एकुलता एक फोन त्यांच्या खिशात असे. तो सायंकाळी घरी येई. सायंकाळी तिने कपाट उघडले तेव्हा चाचणीची मुदत सरली होती, आणि चाचणी दिली नाही म्हणून पुढचा पाठही बंद. त्या पाठापुढील डोळा आम्ही मिटलेला होता. तिला वाटले की शिक्षकांनी अजून पाठ दिलेलाच नाही. तीन आठवडे ती मुकाट्याने वाट पाहत राहिली, आणि आम्ही इकडे तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहीत राहिलो.

ही गोष्ट कळली तीही योगायोगाने. शेजारच्या मुलीच्या वहीतून ती धडे उतरवून घेत होती, व त्या वहीतील एका आकृतीविषयी शंका विचारण्यास तिने दुसऱ्याच्या फोनवरून आम्हांस विचारले. त्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळींनी बसून एकेका कुलपाचा हिशेब घेतला, आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारला: हे कोणापासून काय राखते?

धडे, टिपणे, चित्रफिती ह्यांच्या कुलपास समाधानकारक उत्तर सापडले नाही. ती सर्व आम्ही काढून टाकली. क्रमाने शिकावे हे खरे. परंतु क्रम सुचविणे निराळे आणि वाट अडविणे निराळे. एखाद्या उत्सुक मुलाने पुढचे प्रकरण आधीच वाचले तर त्यात कोणाचे काय बिघडते? शासनानेही हीच वाट धरलेली दिसते. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवरून कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पुस्तकांच्या पानांवर क्यू. आर. कोड छापण्याची कल्पना राबविली, व पुढे पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या चौकोनी ठशापुढे फोन धरला की पाठ उघडतो. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या दीक्षा ह्या व्यवस्थेवरही शालेय पाठ पाहण्यास नावनोंदणीची सक्ती नाही. स्वयम् वरील अभ्यासक्रमांत नाव घालावे लागते, पण शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते.

दुसऱ्याच्या मालकीचे लेखन असेल तर गोष्ट वेगळी. वर्गात शिकविण्यासाठी पुस्तकातील भाग उतरवून घेण्यास १९५७ च्या कायद्यात सवलत आहे, व २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या छायाप्रतींच्या प्रकरणात ती मान्य केली. पण वर्गासाठी दिलेले पान सर्व जगासाठी टांगणे हे त्यात बसत नाही. म्हणून अशी पाने वर्गाच्या दाराआत ठेवतो.

चाचणीस कुलूप हवेच, परंतु ते अधिक शहाणपणाने लावता येते असे आढळले. आता आमची चाचणी शनिवारी सकाळी उघडते व रविवारी रात्री बंद होते. सुरू केल्यापासून मात्र चाळीसच मिनिटे मिळतात. प्रश्न एका मोठ्या साठ्यातून प्रत्येकास निरनिराळे येतात, त्यामुळे शनिवारी लिहिणाऱ्याने रविवारी लिहिणाऱ्यास सांगून विशेष लाभ होत नाही. स्वाध्यायांस दोन तारखा असतात: एक देय तारीख, आणि दुसरी दार पूर्ण बंद होण्याची. पूर्वी आम्ही दोन्ही एकच ठेवीत होतो. आता त्यांत एक आठवड्याचे अंतर असते; उशीर झाल्याची नोंद होते, पण वही परत केली जात नाही. आजारपण, वीज नसणे, कापूस वेचणीचे दिवस अशा प्रसंगी एखाद्या विद्यार्थ्यापुरती मुदत वाढविण्याचीही सोय आहे. तिचा उपयोग करण्यास विद्यार्थ्यांनी संकोच करू नये.

वेळेच्या कुलपाविषयी एका न्यायनिर्णयाचा उल्लेख करणे उचित होईल. केरळातील कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मुलींनी फोन वापरू नये, असा नियम होता. तो न मानणाऱ्या विद्यार्थिनीस वसतिगृह सोडावे लागले, तेव्हा तिने उच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला, व इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. शिस्त नको, असा ह्याचा अर्थ नव्हे, हे आम्ही आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगून ठेवतो. पण शिस्तीच्या नावाने अभ्यासच अडत असेल, तर तो नियम पुन्हा तपासला पाहिजे.

आता जेथे कुलूप खरोखर भक्कम हवे, तेथे ते पुष्कळदा नसते. मुलाचे गुण, पत्ता, फोन क्रमांक, तो किती वाजता काय वाचतो ह्याची नोंद, ही सर्व ह्याच कपाटात असते. दीक्षा व्यवस्थेच्या माहितीचे एक भांडार इंटरनेटवर उघडेच राहिल्याचे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. धड्यांस दार नसले तर काही बिघडत नाही. नावांच्या यादीस दार नसले तर बिघडते. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, हे त्याचे सामान्य तत्त्व आहे, व शिक्षणसंस्थांना त्यात काही बाबतींत सूट आहे. सूट असली तरी आमच्या शाळेत विद्यार्थ्याचे गुण तो स्वतः व त्याचे विषयशिक्षक ह्यांखेरीज कोणास दिसू नयेत, अशी व्यवस्था आम्ही ठेवली आहे.

पालकमंडळींस दोन शब्द. पुष्कळ घरी फोनमध्ये मोठ्या भावाचे किंवा काकांचे खाते उघडलेले असते. मुलीने धड्याची लिंक दाबली की यंत्रास ती दिसत नाही, काका दिसतात. आणि काकांचे नाव नववीच्या यादीत नसल्याने ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते. आमच्याकडे परवानगीच्या ज्या विनंत्या येतात, त्यांतील बऱ्याच अशा काकांच्या व भावांच्या असतात! तेव्हा फोन एकच असला तरी मुलाचे खाते त्यात निराळे उघडून द्यावे. पासवर्ड मित्रास देऊ नये, हे मुलांस समजावून सांगावे. कारण त्या नावाने जे लिहिले जाईल ते त्याच्याच नावावर जमा होते. आणि पासवर्ड विसरला तर त्यात लाज मानण्यासारखे काही नाही. शाळेच्या कार्यालयात मधल्या सुटीत नवा करून मिळतो. चिठ्ठीवर इयत्ता व तुकडी लिहून आणावी.

ज्या मुलीविषयी वर लिहिले, तिच्यासाठी आम्ही ती जुलैची चाचणी पुन्हा उघडली. तिने ती कधी दिली, हे यंत्राच्या नोंदवहीत आहे: रात्री नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आरंभ, दहा वाजून एकवीस मिनिटांनी समाप्ती. पुढचे तीन पाठ तिने त्याच रात्री उघडले.