किनाऱ्यावरील हिवाळा आणि कामावर जाणारा सायकलस्वार

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदी जेथे सागराला मिळते तेथे, रेवदंडा हे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळ्यांची वस्ती, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या कोटाचा भग्न तट आणि त्या तटातून बाहेर पडणारा अलिबागचा रस्ता, हे या गावाचे नित्याचे दर्शन होय. उत्तरेस सुमारे १७ किलोमीटरवर अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. दक्षिणेस खाडीवरील पुलापलीकडे साळाव व तेथील लोखंड-पोलाद उद्योग आहे. पूल होण्यापूर्वी खाडी ओलांडायची ती होडीतून, भरती-ओहोटी पाहून. १९८० च्या दशकात पूल झाला आणि दोन्ही तीरांवरील माणसांना एकमेकांच्या गावी कामाला जाणे सुलभ झाले.

या दोन्ही दिशांना पहाटेच्या वेळी अनेक माणसे सायकलवरून जातात. वर्तमानपत्रे व दूध पोहोचविणारे, वाडीवर पाणी लावण्यास जाणारे गडी, गवंडी, सुतार, पहिल्या पाळीचे कामगार आणि माध्यमिक शाळेतील मुले-मुली यांचा त्यांत समावेश होतो. मोटारसायकल घरोघर पोहोचली, तरी सायकल नाहीशी झाली आहे असे समजणे चुकीचे ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता देशातील इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के कामगार सायकलने कामावर जात होते. हे प्रमाण मोटारसायकल व स्कूटर वापरणाऱ्यांहून किंचित अधिकच होते. ज्याच्या रोजीतून इंधनाचा खर्च निघणे कठीण, त्याच्यासाठी सायकल हा छंद नसून साधन आहे. हे साधन हिवाळ्याच्या चार महिन्यांत निर्धोकपणे कसे वापरावे, याचा विचार किनारपट्टीवर क्वचितच होतो. कोकणात थंडी ती कसली, असा समज त्याच्या मुळाशी आहे.

किनाऱ्यावरची थंडी

हा समज सर्वस्वी खोटा नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तशी थंडी रेवदंड्याच्या वाट्याला येत नाही. जानेवारीत अलिबागचे सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस असते. काही पहाटे ते त्याहूनही खाली जाते आणि दुपारी मात्र २९-३० अंशांपर्यंत चढते. तथापि, थंडी मोजण्याचे साधन केवळ तापमापक नव्हे. वारा, ओल आणि सवय या तिन्ही गोष्टी तीत भर घालतात. वर्षभर दमट उष्म्यात राहणाऱ्या शरीराला १५ अंशांची पहाट बोचते, यात नवल नाही.

त्यातही वाऱ्याचे कार्य विशेष आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. कोळी बांधव याला मतलई वारा म्हणतात. शिडांच्या होड्यांच्या काळात याच वाऱ्यावर होड्या समुद्रात लोटल्या जात आणि दुपारनंतर सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर त्या घरी परतत. रेवदंड्याहून अलिबागला निघालेल्या सायकलस्वाराची गतही तशीच होते. सकाळी ईशान्य-पूर्वेकडील कोरडा, थंड वारा त्याच्या उजव्या गालावर व काहीसा समोरून येतो. संध्याकाळी परतताना वायव्येचा वारा पाठीशी असतो. म्हणजे विरोध सकाळी आणि साथ संध्याकाळी, असा निसर्गाचा हिशेब आहे. सकाळच्या प्रवासाला दहा-पंधरा मिनिटे अधिक धरून निघणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. समोरून येणाऱ्या हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घाईने पायडल मारून वेळ थोडाच वाचतो, दम मात्र पुष्कळ खर्ची पडतो.

सायकलस्वार स्वतःही वारा निर्माण करतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यावर, हवा स्तब्ध असली तरी, तितक्याच वेगाचा वारा येत असतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा पहिला पद्धतशीर अभ्यास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर केला व तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुधारलेल्या सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी १५ किलोमीटरचा वारा असल्यास उघड्या चेहऱ्याला सुमारे ८ अंशांची थंडी जाणवते. हे सूत्र १० अंशांहून अधिक तापमानासाठी नाही, त्यामुळे ते रेवदंड्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. हिमदंशाचे भय येथे मुळीच नाही. येथे प्रश्न आहे तो बोटांचा.

सायकल चालविताना पाय अखंड हलत असतात आणि खर्च होणाऱ्या शक्तीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भागाची उष्णताच होते. त्यामुळे दहा मिनिटांत अंग तापते. हात मात्र हँडलवर स्थिर असतात आणि वारा प्रथम त्यांनाच लागतो. शिवाय थंडीत शरीर त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचित करून आतील उष्णता राखते. परिणामी छाती गरम आणि बोटे आखडलेली, अशी अवस्था होते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास आले की त्यांच्या हालचालीतील सफाई कमी होते. ब्रेक तर याच बोटांनी दाबायचा असतो. साधे सुती हातमोजे किंवा जुन्या पायमोज्यांची बोटांकडील टोके कापून केलेले हातमोजे येथील थंडीला पुरेसे होतात.

वाटेवरचे ऊन-गार

या रस्त्याचे एक वैशिष्ट्य जाणकार सायकलस्वारांच्या ध्यानी येते. चौल, नागाव, आक्षी या गावांतून जाताना रस्ता वाड्यांच्या दाट सावलीतून वळणे घेत जातो. रात्री जमिनीतून निघणारी उष्णता झाडांचे छत काही अंशी अडवून धरते, म्हणून वाडीतील पहाट उघड्या शेतापेक्षा उबदार असते. वाडी संपून भाताची खाचरे अथवा खाजण सुरू झाले की गारवा एकदम अंगाला भिडतो. खाडीपुलावर तर आडोसा असा नाहीच. खाडीच्या मुखाकडे धावणारा वारा सायकलला आडवा येतो व हलक्या माणसाला बाजूला ढकलतो. अशा वेळी पाठीमागून मोठे वाहन आले, तर ते पुढे जाताना वारा क्षणभर अडतो आणि लगेच पुन्हा धडकतो. या क्षणी तोल जाण्याचा संभव असतो. दोन्ही हातांनी हँडल धरणे, डबा किंवा पिशवी हँडलला न अडकविता कॅरियरवर बांधणे आणि वारा फार असेल तर पुलावर सायकल हातात धरून चालत जाणे, यांत कमीपणा नाही.

पोशाखाविषयी थोडे सांगावयास हवे. जाड स्वेटर पुरेसा आहे, असे बहुतेकांना वाटते. लोकरीतून वारा आरपार जातो, ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही. तीन किलोमीटर गेल्यावर अंगाला घाम सुटतो, स्वेटर आतून ओला होतो आणि कामाच्या जागी पोहोचून बसल्यावर खरी हुडहुडी भरते. अंगालगत सुती गंजी, तीवर पातळ स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारे एखादे हलके जाकीट, अशी रचना अधिक उपयुक्त ठरते. तापल्यावर एकेक थर उतरविता येतो. जाकीट नसल्यास छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवावी. फ्रान्समधील सुप्रसिद्ध शर्यतीत आल्प्स पर्वताचे उतार उतरताना नामांकित सायकलपटू हाच उपाय करीत आले आहेत. पहाटे वृत्तपत्रे वाटणाऱ्या मुलाजवळ हा उपाय तर आयताच असतो. मफलरबाबत मात्र सावधगिरी हवी. त्याचे लोंबणारे टोक चाकाच्या तारांत गुंतल्यास गळ्याला फास बसतो. ते सदऱ्याच्या आत खोवलेच पाहिजे. हीच दक्षता ओढणी व साडीच्या पदराबाबत घ्यावी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, थंड पहाटे निघताच जोर लावू नये. थंडीने रक्तदाब वाढतो व हृदयावरील भार त्यात मिळतो. पहिला अर्धा-एक किलोमीटर रमतगमत जावे. छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप, अशी लक्षणे जाणवताच उतरून बसावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. पाळी चुकेल या धास्तीने पुढे जाणे जिवावर बेतू शकते. दमेकऱ्यांना थंड व कोरडी हवा तोंडाने ओढल्यास त्रास होतो. नाकातोंडावर सैल रुमाल बांधल्याने आत जाणारी हवा थोडी उबदार व ओलसर होते.

दव, मीठ आणि साखळी

भातकापणीनंतर खाचरात पेरलेला वाल जमिनीतील ओलीवर व पडणाऱ्या दवावर पोसतो, आणि त्याच वालाच्या शेंगांची पोपटी अलिबागकर मोठ्या आवडीने हिवाळ्याच्या रात्री लावतात. शेतकऱ्याला वरदान असलेले हे दव सायकलला मात्र घातक आहे. पावसाळ्यात सायकल गंजते आणि हिवाळ्यात ती सुरक्षित असते, ही समजूत किनाऱ्यावर तरी खरी नाही. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात पाऊस ते धुऊन नेतो. हिवाळ्यात ते साखळीवर, रिमवर, तारांच्या बुडाशी साचत राहतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ पाणी शोषून स्वतःच विरघळते. दवाच्या रात्री आर्द्रता याहून पुष्कळ अधिक असते. म्हणजे अंगणात उभी केलेली सायकल रात्रभर खाऱ्या पाण्याने माखलेली असते, असे म्हणावयास हरकत नाही.

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सायकल पुसावी, कोरडी करावी आणि साखळीला तेल द्यावे. येथे एक स्थानिक चूक नमूद करणे अवश्य आहे. घरात मुबलक म्हणून खोबरेल तेल साखळीला घालण्याची रीत काही ठिकाणी आढळते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते, हे बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. जे बाटलीत घडते तेच साखळीच्या दुव्यांत व फ्रीव्हीलमध्ये घडते. पायडल जड होते, आणि गोठलेल्या तेलाला धूळ व रेती चिकटून झीज वाढते. शिवणयंत्राचे पातळ तेल थेंब-थेंब घालून वरचे पुसून टाकावे. कापऱ्या हवेत ते प्रवाही राहते आणि एक लहान बाटली अनेक आठवडे पुरते.

रात्री उघड्यावर राहिलेल्या सायकलची पोलादी रिम ओली असते. क्रोमचा मुलामा असलेल्या अशा रिमवर ब्रेकच्या रबराची पकड कोरड्या रिमच्या मानाने कितीतरी कमी पडते. निघताना दाराशीच दोन-चार वेळा ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी, मगच रस्त्याला लागावे. वाडीच्या रस्त्यावर पडलेली ओली झावळी व पाचोळा यांवरून जाताना हँडल वळवू नये व एकदम ब्रेक मारू नये. चाकातील हवाही पाहावी. दुपारी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे आकुंचन पावते; हा फरक अल्प असला तरी आधीच मऊ असलेल्या टायरला तो भोवतो.

अंधारातील अर्धा तास

थंडीपेक्षा मोठा धोका अंधाराचा आहे. जानेवारीच्या पूर्वार्धात येथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या पाळीला जाणारा माणूस त्यामुळे संपूर्ण प्रवास अंधारात वा संधिप्रकाशात करतो. डिसेंबर-जानेवारी हाच या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गर्दीचा काळ असतो. रस्ता अरुंद, वळणे झाडांनी झाकलेली, खाडीकाठी अधूनमधून धुके, आणि रात्रभर गाडी चालवून आलेला, रस्त्याची माहिती नसलेला चालक. या परिस्थितीत काळी घोंगडी किंवा गडद स्वेटर पांघरलेला, दिवा नसलेला सायकलस्वार चालकाला अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. घरचा कर्ता माणूस अशा रीतीने गमावला, तर त्या घराचे पुढे काय होते हे सांगण्याची गरज नाही.

पूर्वी चाकाला घासून चालणारा सहा व्होल्ट, तीन वॉटचा डायनामो असे. सायकल थांबली की दिवा विझे आणि पायडल जड होई, म्हणून पुष्कळजण तो काढून टाकीत. आता बॅटरीवर चालणारे लहान एलईडी दिवे स्वस्तात मिळतात. पुढे पांढरा व मागे लाल, असे दोन्ही असावेत. एकच घेणे शक्य असल्यास मागचा लाल दिवा आधी घ्यावा, कारण या रस्त्यावर पाठीमागून येणारे वाहन सायकलस्वाराला दिसत नाही. केंद्र शासनाने २०२० मध्ये सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेबाबत आदेश काढला. तथापि रस्त्यावरील असंख्य जुन्या सायकलींना परावर्तक नाहीत. मागील मडगार्डवर लाल आणि पायडलच्या कडांना पिवळी परावर्तक पट्टी चिकटविल्यास ती दुरून चमकते. पायडलवरील पट्टी वरखाली हलत असल्याने पुढे सायकल आहे हे चालकाला चटकन उमगते.

फिनलंडमधील औलू हे शहर बर्फाच्छादित हिवाळ्यातही सायकल चालविण्यासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यातील सायकल-वाहतुकीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तेथेच भरली. तेथील नागरिक थंडीला सरावलेले आहेत म्हणून हे घडले, असे म्हणणे अपुरे होईल. सायकलींचे स्वतंत्र मार्ग, त्यांवरील दिवे आणि पहाटे वेळेवर होणारी बर्फाची व्यवस्था ही तेथील नगर-प्रशासनाची नित्याची कामे आहेत. रेवदंड्यास बर्फ हटवावयाचा नाही. रस्त्याच्या साइडपट्टीवरील खड्डे व रेती काढणे, वळणांवरील झावळ्या छाटणे, गावाबाहेरच्या टप्प्यात काही दिवे लावणे, आणि कारखाने, शाळा व कार्यालये यांनी सायकलींसाठी दवापासून संरक्षण देणारी छपराची जागा करणे, एवढे येथे पुरेसे आहे. यांपैकी छाटणी व साइडपट्टीचे काम दिवाळीनंतर लगेच हाती घेता येण्याजोगे आहे, कारण पावसाळ्यात वाढलेले रान तोवर सुकलेले असते आणि पर्यटकांची गर्दी अद्याप सुरू व्हायची असते.