सूर्यप्रकाशावर चालणारे गावचे वीजघर

खालापूर व कर्जत तालुक्यांतील शेतकऱ्यांस वीजघर नवे नाही. लोणावळा परिसरातील धरणांत साठविलेले पावसाचे पाणी घाटाखाली खोपोलीस आणून त्यावर १९१५ पासून वीज निर्माण केली जात आहे. तेच पाणी पुढे पाताळगंगेतून रसायनीकडे येते. परंतु ज्या मुलखात पाऊसच अपुरा, तेथे वीज कशापासून करावी? याचे एक उत्तर पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे पाहावयास मिळते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हे गाव पर्जन्यछायेत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ २०१७ साली येथून झाला व तीमधून येथे २ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. शेतीपंपांना वीज दीर्घकाळ पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळत आली. रात्री बारे देणाऱ्या शेतकऱ्यास अंधार, थंडी आणि साप यांचे भय असते. दिवसा वीज मिळणे हाच अशा प्रकल्पाचा खरा लाभ होय.

सौर पॅनेलवर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. इन्व्हर्टर तिचे रूपांतर पंपास लागणाऱ्या विजेत करतो आणि ती जवळच्या उपकेंद्रातून शेतीच्या वाहिनीवर जाते. ५ अश्वशक्तीचा पंप सुमारे साडेचार किलोवॅट वीज घेतो. भर दुपारी २ मेगावॅटच्या प्रकल्पातून दीड हजार किलोवॅट मिळाले, तर तेवढ्यावर तीनशेहून अधिक पंप चालतील. सकाळ-सायंकाळ ही शक्ती पुष्कळ घटते. तेव्हाची तूट मुख्य वीजजाळ्यातून भरून काढावी लागते.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा समज मात्र चुकीचा आहे. वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे. पॅनेल २५ अंशांहून अधिक तापल्यास प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने कमी होते. वैशाखात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर दहा ते चौदा टक्के वीज बुडते. धुळीनेही तूट येते. पॅनेल पहाटे, थंड असतानाच धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याचा संभव असतो. खाऱ्या पाण्याचे डाग राहतात. कोरड्या मुलखात धुण्याचे पाणी कोठून आणावयाचे, हे प्रकल्पापूर्वीच ठरविलेले बरे.

एका मेगावॅटास चार ते पाच एकर जागा लागते. २०२३ च्या सुधारित योजनेत हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. रक्कम मोहात पाडणारी आहे. तथापि करार दीर्घ मुदतीचा असतो. सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांची संमती आधी घ्यावी, आणि भाताची खाचरे यासाठी मुळीच देऊ नयेत. पडीक वरकस जमीन पुरेशी आहे.

रसायनीच्या बाजूस पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटेल, पण तेव्हा भात पावसावरच असते. पंपाची खरी निकड उन्हाळी भाजीपाल्यास, आणि त्या महिन्यांत आकाश निरभ्र असते. जागा पाहताना ग्रामसेवकाने उपकेंद्राचे अंतर मोजावे व दिवसभर उभे राहून सावली पाहावी. माथेरानच्या पूर्व पायथ्याशी ऊन लवकर उतरते, तर खोपोलीकडे घाटामुळे ते उशिरा चढते.