पाटी रंगवण्याआधी

कासू, ता. पेण

चि. सुयोग,

पदक आलं, आता पेणला स्वतःची जिउ-जित्सूची अकादमी काढायची म्हणतोस. बेत चांगला आहे. पण पाटी रंगवायला टाकण्याआधी वर्षभर दुसऱ्याच्या मॅटवर शिकव. आपण पकड लावणं वेगळं आणि बुजऱ्या पोराकडून ती लावून घेणं वेगळं.

हरिश्चंद्र बिराजदारांचंच बघ, १९६९चे महाराष्ट्र केसरी. पैलवान सतपालला हरवलेला हा मल्ल पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत बसला. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. २०११ला बिराजदार मामा गेले आणि राहुल प्रशिक्षक काका पवारांकडे आला. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं, दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. ज्यांनी पाया घातला त्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. एवढा धीर तुझ्यात आहे का, ते वर्षभरात कळेल. जिंकायची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं.

आणि तुझा तो जपानी लढवय्या युकी नाकाई. १९९५ला तोक्योच्या बुडोकानमधल्या स्पर्धेत पहिल्याच लढतीत प्रतिस्पर्धी गोर्डोनं डोळ्यात बोट घातलं, तरी गड्यानं ती लढत जिंकली, पुढचीही जिंकली आणि अंतिम लढतीत रिक्सन ग्रेसीकडून हरला. उजवा डोळा कायमचा गेला. १९९७ला त्यानं तोक्योत पॅराएस्ट्रा ही अकादमी काढली, तिच्या पुढे कितीतरी शाखा झाल्या. खेळ बदनाम होऊ नये म्हणून डोळ्याचं त्यानं वर्षानुवर्षं लपवलं. त्याच्या जिद्दीला माझा नमस्कार, लपवण्याला नाही. तुझ्याकडे पोराचा खांदा निखळला तर त्याच संध्याकाळी आईबापांना सांगायचं, फी बुडाली तरी चालेल.

बाकी व्यवहाराचं. पेणला मोकळी शेड मिळणं कठीण, सगळीकडे गणपतीचे कारखाने. मिळालीच तर पावसात मॅट रोज पुसून वाळवावी लागेल. एका पोराला नायटा झाला की आठवड्यात सगळ्यांना होतो. लावणीच्या दिवसांत आपल्याकडची पोरं येणार नाहीत, त्या महिन्याची फी मागू नकोस. वेळ ठरवताना रोह्याकडे जाणारी संध्याकाळची गाडी बघ, नाहीतर कासू-नागोठण्याच्या मुली शिकायला येणारच नाहीत.

भाड्याच्या करारावर सही करण्याआधी तो मला दाखव. काकू विचारते, रविवारी जेवायला आहेस ना?

तुझा,
अण्णाकाका