फवारणी पंपातील हवेचा दाब

हवा भरून चालविण्याच्या फवारणी पंपाची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे एक खेप वाचते, असे पुष्कळांना वाटते. परंतु तोटीतून औषध ढकलण्याचे काम टाकीतील दाबलेली हवाच करते. तिला जागा हवी.

तापमान कायम असता वायूचा दाब व आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली प्रसिद्ध केला. १२ लिटरच्या टाकीत ८ लिटर औषध भरल्यास हवेला ४ लिटर जागा उरते. बाहेरील हवेचा दाब धरून आतील दाब ४ वातावरणे केला, तर ४ लिटर औषध गेल्यावर हवा ८ लिटर जागा व्यापते व दाब २ वर येतो. टाकी ११ लिटर भरल्यास मात्र अवघे १ लिटर औषध जाताच दाब निम्मा होतो. दाब उतरला की थेंब मोठे पडतात, फवारा सारखा बसत नाही व कीड वाचते. म्हणून टाकी सुमारे दोन-तृतीयांश भरावी आणि मधूनमधून हवा भरावी.

आकारमान तेच असता तापमानाबरोबर दाबही वाढतो. हिशेबासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवावेत. २७ अंशांवरील हवा उन्हात ५७ अंशांपर्यंत तापल्यास ३०० चे ३३० होतात. म्हणजे दाब एक-दशमांशाने वाढतो. यास्तव हवा भरलेला पंप उन्हात ठेवू नये. हवा सोडल्यावाचून झाकण मुळीच उघडू नये. विषारी औषध तोंडावर उडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात पंपात प्रथम साधे पाणी भरून हा फरक शेतकऱ्यांस दाखवावा.