प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन : एका गुरूचें चरित्र

बास्केटबॉल हा खेळ आमच्या विद्यार्थ्यांस चांगला परिचित आहे. परंतु तो कोणीं व कशासाठीं काढिला, हें थोड्यांसच ठाऊक असेल. इ. स. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती संस्थेच्या शिक्षणशाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें कडक हिवाळ्यांतही तरुणांस घरांत खेळतां यावें म्हणून हा खेळ योजिला. पीच फळांच्या दोन टोपल्या, एक चेंडू, तेरा नियम आणि अठरा विद्यार्थी, एवढीच त्याची पहिली सामग्री होती. नेस्मिथ यांनीं ईश्वरविज्ञानाचाही अभ्यास केला होता, आणि खेळ हें शील घडविण्याचें साधन आहे अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचा एक शिष्य पुढें नामांकित प्रशिक्षक झाला. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही बोधप्रद होईल, असें वाटल्यावरून आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजीं कॅन्सस संस्थानांतील हायावाथा या गांवीं झाला. ते कृष्णवर्णी होते. कॅन्सस विद्यापीठांत जातांच, वडिलांच्या आज्ञेवरून ते नेस्मिथ यांस भेटले, आणि त्या वृद्ध गुरूनें त्यांस मार्गदर्शन करण्याचें मान्य केलें. परंतु विद्यापीठाच्या संघांत कृष्णवर्णीयांस मज्जाव होता. खेळाचा जनक स्वतः ज्यास शिकवीत होता, त्यालाच त्या विद्यापीठातर्फे तो खेळ खेळण्याची बंदी! ते पोहण्याच्या तलावांत उतरले, तेव्हां तलावांतील पाणी काढून टाकण्यांत आलें. हें वाचतांना आपल्या वाचकांस महाडच्या चवदार तळ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं तेथील पाणी प्राशन केलें, आणि मागाहून कित्येकांनीं तें तळें ‘शुद्ध’ करून घेतलें. तेव्हां परक्या देशास नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपल्या अंगणाकडेही पाहिलें पाहिजे.

मॅक्लेंडन यांनीं मनांत द्वेष धरून बसण्याऐवजीं विद्या पुरी केली. १९३६ सालीं ते पदवीधर झाले, आणि १९४० सालीं डरहॅम येथील कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजांत मुख्य प्रशिक्षक झाले. त्या काळीं बहुतेक संघ चेंडू सावकाश पुढें नेत, आणि तोंपर्यंत प्रतिपक्ष आपापल्या जागीं सज्ज होई. मॅक्लेंडन यांनीं निराळी रीत बसविली. चेंडू हातीं येतांच वेगानें समोरच्या टोपलीकडे धांवावयाचें. चेंडू गेला तर मैदानभर पाठलाग करून तो परत मिळवावयाचा. यास मोठा दम लागतो. म्हणून ते खेळाडूंकडून धांवण्याचा कठोर सराव करवून घेत. सामना संपत आला म्हणजे या सरावाचें फळ दिसून येई: प्रतिपक्ष दमलेला असे, त्यांचे खेळाडू मात्र धांवतच असत.

आतां त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत विलक्षण प्रसंग सांगतों. त्याच डरहॅम नगरांत गौरवर्णीयांचें ड्यूक विद्यापीठ होतें. तेथील वैद्यकशाळेचा संघ फार बलिष्ठ समजला जाई. परंतु दोन वर्णांच्या संघांनीं एकत्र खेळणें तेथील निर्बंधांप्रमाणें अशक्य होतें. अखेर दोन्ही बाजूंच्या तरुणांनीं गुप्तपणें सामना ठरविला. दिवस रविवार, १२ मार्च १९४४. वेळ सकाळची, कारण त्या वेळीं नगरांतील बहुतेक लोक उपासनेस गेलेले असत. पाहुणे आडवळणाच्या रस्त्यानें आले, आणि खेळगृहाचीं दारें आंतून बंद करण्यांत आलीं. मॅक्लेंडन यांच्या संघानें ८८ विरुद्ध ४४ अशा गुणांनीं सामना जिंकिला. पण याहून मोठी गोष्ट पुढें घडली. दोन्ही संघांतील खेळाडू एकमेकांत मिसळले, नवे संघ पाडले, आणि गोरे व काळे एकाच बाजूनें खेळले. ही हकीकत १९९६ सालापर्यंत जगास कळली नाहीं.

आम्ही ख्रिस्ती म्हणवितों; म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष बोंचते. ज्या प्रभूनें सर्व मानवांस एका पित्याचीं लेंकरें म्हटलें, त्याची उपासना नगरांत चालली असतां, तींच लेंकरें एकत्र खेळावीं म्हणून दारास कडी घालावी लागली! त्या सकाळीं प्रभूची आज्ञा कोठें अधिक पाळली गेली, याचा विचार वाचकांनींच करावा.

पुढें काळ पालटला, व तो पालटण्यास मॅक्लेंडन यांचा हातभार लागला. १९५३ सालीं लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत कृष्णवर्णीयांच्या संस्थांस प्रवेश मिळाला. त्यासाठीं झटणाऱ्यांत ते अग्रणी होते. नंतर नॅशव्हिल येथील टेनेसी ए. अँड आय. या संस्थेच्या संघास त्यांनीं १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें ती स्पर्धा जिंकून दिली. १९६६ सालीं क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठानें त्यांस नेमिलें. मुख्यतः गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णी मुख्य प्रशिक्षक होत. ८ ऑक्टोबर १९९९ रोजीं ते निवर्तले. स्प्रिंगफील्ड येथें नेस्मिथ यांच्या नांवें असलेल्या सन्मानमंदिरांत १९७९ सालीं त्यांस खेळाचे सेवक म्हणून, व मरणोत्तर २०१६ सालीं प्रशिक्षक म्हणून स्थान मिळालें. गुरुशिष्यांचीं नांवें अशा रीतीनें एकाच ठिकाणीं आलीं.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणाऱ्या पालकांनीं या चरित्राचा अवश्य विचार करावा. आणि विद्यार्थ्यांनो, मधल्या सुटींत तुम्ही संघ पाडतां, तेव्हां एखादा मुलगा भिंतीशीं एकटाच उभा असतो. त्याची जात, त्याचे कपडे अथवा त्याची बोली यांमुळें त्यास कोणी बोलावीत नाहीं. त्याला प्रथम हांक मारा. त्यासाठीं दार बंद करावें लागत नाहीं, हें आपलें मोठें भाग्य आहे.